नुरेंबर्ग, सहा तास

डेप्युटीसाहेब पहिल्यांदा जर्मनीत आले तेव्हा त्यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावरून आणायला मिलिंदबरोबर मीही गेले होते. मिलिंद त्यांचा मुलगा. माझ्याच कंपनीत नोकरीला आणि हेर्त्सोगेनआउराखमध्ये माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला. त्याच्या गाडीचा क्लच गेला होता, म्हणून गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच. वडिलांनी ऑटोबानचं कौतुक करावं अशी मिलिंदची फार इच्छा होती, कारण वडील बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले आणि त्यांचा उभा जन्म विदर्भात रस्ते करण्यात गेलेला. दोन तास साहेब पुढच्या सीटवर बसून खिडकीतून खाली बघत होते. वुर्त्सबुर्ग गेलं, जंगलं गेली, दऱ्यांवरचे उंच पूल गेले. मागच्या सीटवरून मिलिंदने दोनदा विचारलं, "बाबा, कसा वाटतो रस्ता?" साहेब बोलले ते थेट घराच्या वळणावर. "साइडपट्टी चांगली राखली आहे," ते म्हणाले. मिलिंदचा चेहरा पडला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एवढी स्तुती कुणाचीच केली नव्हती, हे मला नंतर सुजाताकडून कळलं.

सुजाता म्हणजे त्यांची सून. घरात ती त्यांना बाबा म्हणायची, पण बाहेरच्यांशी बोलताना "आमचे डेप्युटीसाहेब", आणि मग आम्हा सगळ्यांच्याच तोंडी तेच बसलं. बायको गेल्यावर नागपूरचं घर त्यांना एकट्याला मोठं झालं होतं. इथे व्हिसा तीनच महिन्यांचा मिळायचा, म्हणून ते दर उन्हाळ्यात यायचे आणि सप्टेंबरात परत जायचे. घरात नात होती, संघमित्रा, तेव्हा किंडरगार्टनमध्ये जाणारी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. साहेबांना मराठी, हिंदी आणि टेंडरमधलं इंग्रजी यायचं. त्यामुळे आजोबा मराठीत बोलत, नात जर्मनमध्ये बोले आणि दोघंही आपलंच खरं करून मोकळे होत.

मला ते ज्युनिअर म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात मला थांबवून विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "काका, मी बेअरिंगचं डिझाइन करते." "म्हणजे फिरणाऱ्या वस्तू." "हो." "आम्ही न हलणाऱ्या केल्या," ते म्हणाले आणि मान डोलावली. पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. स्वेटर, वर कोट, पायात इथल्याच फॅक्टरी आउटलेटमधून मिलिंदने आणलेले भडक निळे पळायचे बूट. "ज्युनिअर, गाडी काढा. इन्स्पेक्शनला जाऊ." इन्स्पेक्शनला साहेब एकटा जात नाही, सोबत ज्युनिअर इंजिनिअर लागतो, असा खात्याचा रिवाज होता म्हणे. ज्युनिअरचं काम गाडी चालवायची, टेपचं दुसरं टोक धरायचं आणि साहेब बोलतील त्याला होय म्हणायचं. ऑफिसात मी तेव्हा टीमलीडर होते. पण ते सोमवार ते शुक्रवार.

त्यांचं इन्स्पेक्शन म्हणजे गावाबाहेर पडून एखाद्या लहान रस्त्याने सावकाश जायचं. किल्ले, चर्च, द्राक्षांचे मळे यांच्याकडे ते बघत नसत. नजर रस्त्याच्या कडेला. "थांबवा," म्हणाले की थांबवायची. मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा छोटा पूल, आली की उतरून तिच्यात वाकून बघायचे, पाणी नीट वाहतंय की तुंबलंय. नाला साफ दिसला की गप्प बसायचे. म्हणजे नापसंत करण्यासारखं काही मिळालं नाही म्हणून थोडे नाराज.

अशाच एका रविवारी एका खेड्याच्या अलीकडे, जुन्या दगडी मोरीजवळ, ते एकदम "थांबवा, थांबवा" म्हणाले. मला काहीच दिसलं नाही. साहेब खाजऱ्या पानांच्या झुडपात सरळ घुसले. अंगाला लागली की आग होते त्या झाडांनी, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मोरीच्या कठड्याला जवळजवळ चिकटून, कमरेएवढ्या उंचीचा, गोल माथ्याचा एक दगड होता, शेवाळानं हिरवागार. माझ्या गाडीच्या किल्लीने त्यांनी शेवाळ खरवडलं. अक्षरं निघाली. मी वाचून दाखवलं, "नुरेंबर्ग, सहा तास."

"किलोमीटर नाही?"

"नाही काका. तास."

"कोणाचे तास?" साहेबांनी विचारलं. "बैलाचे, घोड्याचे की माणसाचे?"

मला माहीत नव्हतं. जिथे मी नोकरी करत होते, कर भरत होते, त्या देशात कधी काळी रस्ते तासांनी मोजत होते हेच मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी दगडाच्या माथ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "रंग नाही. रंग नसला की समजायचं, रस्त्याला मालक नाही."

मोरीपासून थोड्याच पावलांवर, गावाच्या तोंडाशी, शोसेवरचं जुनं टोलघर होतं. शोसे म्हणजे खडी दाबून केलेला त्या काळचा पक्का रस्ता. त्यावरून जाणाऱ्या गाड्या-घोड्यांकडून टोल घ्यायला बांधलेलं ते घर. आता तिथे एक इटालियन कुटुंब आइस्क्रीम विकत होतं. दारावरच्या पाटीवर इतिहास लिहिला होता, तो मी साहेबांना सांगितला. त्यांनी पिस्त्याचं आइस्क्रीम हातात तसंच धरून ठेवलं.

"टोल बंद केला?"

"कधीच बंद झाला, काका."

"काहून? रस्त्याचा खर्च निघाला म्हणून?"

"असेल."

"आणि मग खरंच बंद केला?" आइस्क्रीम मनगटावरून कोटाच्या बाहीत गेलं. महाराष्ट्रात तेव्हा जिकडेतिकडे टोलनाके उभे राहत होते आणि टोल हा बंदही होऊ शकतो, हा विचार साहेबांना पेलायला जड जात होता.

त्या टोलघराच्या अंगणात, पुढच्या एका रविवारी, त्यांनी मला एक हकीकत सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या वाट्याला एका रस्त्याचं रुंदीकरण आलं. वाटेत एक इंग्रजी मैलाचा दगड होता आणि गावाने त्याला शेंदूर फासून त्याचा देव केला होता. गावातले म्हातारे विनवायला आले, साहेब, देव हलवू नका. "मी बौद्ध माणूस," डेप्युटीसाहेब म्हणाले. "मला दगडात देव दिसत नाही. मला दगडात आकडा दिसतो. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, हा देव नाही, हा मैल बावीस आहे. आणि दगड उचलून पलीकडे, ऑफिसच्या नकाशात होता तिथे बसवला." "मग?" मी विचारलं. "मग काय? महिन्याने गेलो तर नव्या जागेवरच्या दगडाकडे कुणी बघेना. जुन्या जागेवर नुसती माती होती, आणि लोक तिथेच नारळ फोडत होते." त्यांनी बोटाने टेबलावर टिचकी मारली. "तेव्हा ध्यानात आलं. त्यांचा देव दगडात नव्हताच. आणि माझा आकडाही दगडात नव्हता. दोन्ही जागेत होते. आमचं पटत नव्हतं, पण मुद्दा एकच होता."

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बाउमार्क्टला, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, न्यायला सांगितलं. ऑइलपेंट घेतला. पांढरा मोठा डबा, पिवळा मध्यम, काळा लहान, आणि दोन ब्रश. मला वाटलं मिलिंदच्या बाल्कनीचं काही काम असेल. तीन रंग बघूनही मला शंका आली नाही. माझ्या जागी खात्यातला खरा ज्युनिअर असता तर त्याला डबे बघताच कळलं असतं.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर साहेब जिन्यात उभे. हातावर पिवळे ठिपके. "ज्युनिअर, चला, काम बघायला." ते एकटे, बसने, डबे पिशवीत घालून गेले होते. मिलिंद-सुजाता घरी नव्हते म्हणून संघमित्राही गाडीत बसली. दगड लांबूनच दिसला. अंग पांढरंशुभ्र, माथा पिवळाधमक, अक्षरं काळी, रेषेत, एक थेंब इकडेतिकडे नाही. म्हणजे अक्षरांच्या बाबतीत तरी नाही. एरवी कठड्याकडच्या बाजूला ब्रश नीट शिरत नव्हता, तर तो तसाच कोंबल्यामुळे कठड्यालाही भरपूर रंग लागला होता. मला खरं सांगायला हरकत नाही, दगड फार सुंदर दिसत होता. यवतमाळच्या रस्त्यावर असतो तस्सा. शेजारी जुन्या रक्षित वास्तूंना लावतात ती छोटी पाटी होती. ती माझ्या आत्ता पहिल्यांदा लक्षात आली.

संघमित्रा गाडीतून उतरली, तिने बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, दास दार्फ मान निश्त!" असं करायची परवानगी नसते, हे या देशातलं मूल चालायला शिकायच्या आधी शिकतं.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"छान झालंय म्हणते," मी म्हटलं.

शनिवारी श्रीयुत क्राउस आले. ते गावातल्या इतिहासमंडळाचे प्रमुख, निवृत्त दंतवैद्य. परिसरातले सगळे जुने दगड, क्रूस आणि विहिरी त्यांच्या देखरेखीखाली. टोलघरातल्या आइस्क्रीमवाल्याने त्यांना आमचा पत्ता लावून दिला होता. आम्ही तिघं दगडासमोर उभे राहिलो. मी रात्रभर माफीची जर्मन वाक्यं जुळवून ठेवली होती. क्राउसनी वाकून माथ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गेल्ब." पिवळा. दातात कीड दिसली की डॉक्टर नुसतं "हं" म्हणतो, त्या सुरात.

"काय म्हणतात?"

"पिवळा का, असं विचारतायत."

"सांगा त्यांना. राष्ट्रीय महामार्ग, माथा पिवळा. राज्यमार्ग असता तर हिरवा दिला असता."

मी सांगितलं. माफी मागायची राहूनच गेली. क्राउसनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आल्झो, असं होय," ते म्हणाले, "पण हा राष्ट्रीय रस्ता नव्हता. हा दगड बसवला तेव्हा राष्ट्रच नव्हतं. हा बायर्नच्या राजाचा रस्ता."

मी भाषांतर केलं. साहेब गंभीर झाले. दगडाभोवती एक फेरी मारली. "राज्यमार्ग," ते हळूच म्हणाले. "हिरवा पाहिजे होता. माझी चूक झाली."

"ते तुमची मनापासून माफी मागतायत," मी क्राउसना जर्मनमध्ये सांगितलं. भाषांतरात एवढं चालतं. क्राउसचा चेहरा सैल झाला, आणि प्रकरण वर न नेता दगड साफ करायचा असं ठरलं.

पुढचे दोन आठवडे ते दोघं मोरीजवळ घडीच्या स्टुलांवर बसून होते. क्राउसनी दवाखान्यातली जुनी हत्यारं आणली होती. टोकदार आकडे, बारीक खरवडण्या, आरसा. अक्षरांच्या खाचांतला काळा रंग ते दाढ साफ करावी तसे काढत, आणि मधूनच सवयीने दगडाला काहीतरी धीराचं बोलत. साहेब माथ्याचा पिवळा सांभाळत. दोघांची सामायिक भाषा म्हणजे पंचवीसेक इंग्रजी शब्द आणि हातवारे. तरी साहेबांना उत्तर मिळालं होतं. तास माणसाचे, चालणाऱ्या माणसाचे. सरकारने माणसाची तासाची चाल ठरवून टाकली होती आणि त्यावरून दगड बसवले होते. "बरं केलं," साहेब मला म्हणाले. "नाहीतर प्रत्येक जण म्हणाला असता, माझा तास वेगळा." ते गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायला शिकले आणि क्राउस साइडपट्टी म्हणायला. शेवटी दगड होता तसा झाला. कठड्यावरचा रंग मात्र राहिला. क्राउसनी तो दाखवला तेव्हा साहेब म्हणाले, "राहू द्या, कठडा काही रक्षित नाही." क्राउसनी पाटी वाचून खात्री केली. खरंच नव्हता.

चौथ्या वर्षी ते आले ते शेवटचे. तेव्हा माहीत नव्हतं. त्या वर्षी मोरीजवळच्या फाट्यावर गोल चौक करायचं ठरलं होतं आणि काम होईपर्यंत दगड तिथून हलवावा लागणार होता. एवढ्यावर साहेबांचं काही म्हणणं नव्हतं. पण गावच्या महापौरांना वाटत होतं, दगड परत झुडपात कशाला, चौकाच्या मधोमध बसवू, भोवती फुलं लावू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. गावातल्या बहुतेकांना कल्पना आवडली. मलाही वाईट वाटली नव्हती. मी तसं साहेबांना म्हटलं.

"ज्युनिअर," ते म्हणाले, "गोल चौकातला मैलाचा दगड कुणाला काय सांगणार? माणूस त्याच्याभोवती फिरतच राहणार."

गावच्या सभेला ते कोट घालून गेले. त्यांना बोलू द्यावं म्हणून क्राउसनी आधीच परवानगी घेतली होती. साहेब मराठीत बोलले, मी जर्मनमध्ये सांगितलं, आणि त्या एकाच वेळी मी भाषांतरात काही घातलं नाही की काढलं नाही. ते म्हणाले, "मी बदल्यांमध्ये आयुष्य काढलं. आताही दर वर्षी मला इकडून तिकडे हलवतात. माणूस हलवला तर चालतो. त्याला तोंड आहे, तो सांगू शकतो मी मूळचा कुठला. या दगडाला एकच वाक्य येतं. नुरेंबर्ग इथून सहा तास. त्याला दुसरीकडे उभं केलंत तर तो म्हातारपणी खोटं बोलायला लागेल. हलवायचाच असेल तर आधी त्याची अक्षरं पुसा." आणि खाली बसले.

मिलिंद मागच्या रांगेत बसला होता. दर वर्षी मला हलवतात, हे वाक्य त्याला लागलं हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं. महापौर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, ठीक आहे, वसंतात काम संपल्यावर दगडाची मूळ जागा नेमकी दाखवता आली तर तो तिथेच परत जाईल, नाहीतर चौकात. जुन्या नकाशावर दगडाचा ठिपका होता, पण तो ठिपका जमिनीवर चांगला अंगणाएवढा भरत होता. आणि आमच्याकडचे दगडाचे सगळे फोटो साहेबांचे होते, त्यात साहेब पुढे आणि दगड त्यांच्या पाठीमागे झाकलेला.

"साक्षीदार घेऊ," साहेब म्हणाले. दगड हलवायच्या आधी, कधीच न हलणाऱ्या दोन वस्तूंपासून त्याचं अंतर मोजून ठेवायचं, म्हणजे दगड नसला तरी दोन अंतरं जिथे मिळतात ती त्याची जागा. यालाच त्यांच्या खात्यात साक्षीदार म्हणत. एक साक्षीदार टोलघराचा कोपरा. दुसरा मोरीचा कठडा घ्यावा असं मी सुचवलं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं. नव्या कामात मोरी पाडून तिथे सिमेंटचा पाइप टाकणार होते. त्यांनी रस्त्यापलीकडचं लिंडेनचं प्रचंड झाड निवडलं. झाडाला संरक्षणाची सरकारी पाटी होती. "सरकारी पाटीचं झाड," साहेब म्हणाले. "याला कोण हात लावतो?" क्राउसनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोन्ही मापं साहेबांनी माझ्याकडून पाढ्यासारखी पाठ करून घेतली.

फ्रँकफर्टला त्यांना सोडायला गेलो तेव्हा तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी ते मागे वळले. मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला, सुजाताला "जय भीम" म्हणाले, संघमित्राच्या केसांतून हात फिरवला. मग माझ्यापुढे ताठ उभे राहिले. "ज्युनिअर, चार्ज घ्या." बदली झाली की जुना साहेब नव्या साहेबाला कामं, किल्ल्या, सगळं सोपवून जातो, त्याला चार्ज देणं म्हणतात. मी हसले. ते हसले नाहीत. "घेतला म्हणा." "घेतला, काका." मग गेले.

जानेवारीत नागपूरला, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मिलिंद मिळेल त्या विमानाने गेला. फेब्रुवारीत इथे जर्मनीत मोठं वादळ झालं आणि सरकारी पाटीचं लिंडेन मुळासकट आडवं झालं. मला हे क्राउसनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात होते. मीटिंगमधून उठून टॉयलेटमध्ये जाऊन बसले. साहेब गेल्याचं कळलं त्या दिवशी मी खंबीर राहिले होते, मिलिंदची तिकिटं काढली, सुजाताकडे स्वयंपाक केला. झाड पडल्याचं ऐकून मात्र माझं सगळं अवसान गळालं. साहेबांनी आयुष्यात एकच गोष्ट माझ्यावर सोपवली होती आणि तिचा अर्धा साक्षीदार लाकडाच्या वखारीत गेला होता. बुंधा ओढून काढताना खड्डाही बुजवून टाकलेला. महापौरांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि फुलांची ऑर्डर दिली.

मार्चमध्ये एका रविवारी क्राउस आणि मी तिथे गेलो. चौक जवळजवळ तयार होता. दगड नगरपालिकेच्या गोदामात. आश्चर्य एवढंच की जुनी मोरी जागेवर होती. कामाचे पैसे संपले म्हणून पाइप रद्द झाला होता. हे ऐकून साहेबांना घरच्यासारखं वाटलं असतं. टोलघराच्या कोपऱ्यापासून टेप ताणून मी पाठ केलेल्या अंतरावर चालत राहिले, नुसती कमान काढत. एका साक्षीदारावर तेवढंच होतं. दगड कठड्याशी होता हे आठवत होतं, पण कठडा लांब होता आणि महापौरांना नेमकी जागा हवी होती. कमान मोरीच्या कठड्याजवळून गेली. क्राउस काठीने गेल्या वर्षीची वाळकी झुडपं बाजूला करत होते. एकदम थांबले. गुडघ्यावर बसले, या वयात, ओल्या मातीत.

"गेल्ब," ते म्हणाले.

कठड्याच्या काळ्या शेवाळल्या दगडावर पिवळा पट्टा होता. दगडाच्या पाठीएवढा रुंद, दोन्ही बाजूंना सरळ तुटलेला, खाली पांढरा. साहेबांनी ब्रश कोंबला होता तिथे. त्याच्यासमोर टेपचं माझं टोक बरोबर पोहोचत होतं. क्राउसनी रुमालाने पट्टा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं झालं, हिरवा दिला नाही. शेवाळात दिसला नसता."

मी टेपचं टोक तसंच धरून रडले. क्राउसनी रडू दिलं. दंतवैद्य होते, त्यांना सवय असणार.

महापौरांनी शब्द पाळला. एप्रिलमध्ये दगड परत त्या कठड्याशी बसला, आणि चौकात आता नुसती फुलं आहेत. पण क्राउस तेवढ्यावर थांबले नाहीत. वर्षभर खटपट करून त्यांनी कठड्यावरच्या पिवळ्या पट्ट्याला दगडाच्या जागेची खूण म्हणून रीतसर संरक्षण मिळवलं. दुसरी छोटी पाटी लागली. तो रंग काढायचा असेल तर आता परवानगी काढावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात संघमित्राला घेऊन तिकडे गेले होते. आता ती शाळेत जाते, आणि मराठीत तिच्या तोंडून एक वाक्य काढण्यासाठी सुजाताने सगळे उपाय करून झालेत. एक सायकलवाला मोरीवर पाणी प्यायला थांबला होता आणि बसल्या बसल्या नखाने तो पिवळा रंग खरवडत होता. संघमित्रा त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दास दार्फ मान निश्त!" त्याने पाटी वाचली, माफी मागितली आणि निघून गेला.

मग ती दगडाभोवती एक फेरी फिरली. मोरीत वाकून पाणी वाहतंय का बघितलं. रस्त्याच्या कडेकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, मराठीत, "साइडपट्टीवर गवत वाढलंय."

मी डिकीतून विळा काढून आणला.